थापी ठेवून कात्री धरली तेव्हा

गवंडीकाम करता करता माझी कंबर गेली, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. भालकीकडं एका शाळेची भिंत चालली होती, दगड बसवताना परांचीवरून खाली आलो आणि पावसाळाभर घरात पालथा पडून राहिलो. डॉक्टरनं वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. गवंड्याला वजन उचलू नको म्हणणं म्हणजे घरी बसून माशा मार म्हणणं. पण डॉक्टर शहाणा माणूस, त्याला कोण सांगणार?

आमच्या खटकचिंचोळीत गावातला न्हावी आमच्या बौद्ध वस्तीची हजामत करत नसे. आमच्यातलाच कुणीतरी कात्री घेऊन लिंबाखाली बसायचा आणि मेंढरं कातरावीत तशी डोकी कातरायचा. कॉलेजात जाणारी पोरं तेवढी भालकीला जाऊन, आपण कोण ते न सांगता, दुकानातल्या खुर्चीत बसून यायची. माझा एकुलता एक पोरगाही त्यातलाच. तसं चोरून बसून आला की तो घरात गप्प गप्प असायचा. ते मला बघवत नसे. खरं सांगायचं तर कंबर हे निमित्त झालं. पोरानं आपल्याच गावात, आपल्या बापाच्या खुर्चीत, भीडभाड न ठेवता बसावं म्हणून मी कात्री धरायचं ठरवलं.

शिकायला हुमनाबादला गेलो. दुकान एका मुसलमान उस्तादाचं. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, पण उस्ताद तो उस्ताद. वस्तरा त्यानं लवकर कुणाच्या गालाला लावू दिला नाही. आधी आपल्याच पिंडरीवरचे केस काढायचे. माझ्या दोन्ही पिंडऱ्या लहान पोराच्या गालासारख्या गुळगुळीत झाल्या; घरी गेलो की बायको लुगड्याचा पदर तोंडात धरून हसायची. पुढं कात्री आली. पण इतकी वर्षं भिंती बांधलेल्या, खोड जाते कुठं? गिऱ्हाइकाच्या मागं चार पावलं सरकून, एक डोळा मिटून, मी मानेवरची रेघ ओळंब्यात आहे का ते बघायचो. उस्ताद कपाळावर हात मारायचा.

“बडे मियाँ, दीवार नक्को बांधो, आदमी बैठा है!”

गावाला परत आलो आणि वस्तीच्या तोंडाशी पत्र्याची टपरी टाकली. फिरती खुर्ची, मोठा आरसा, पावडरचा डबा, सगळं आणलं. पहिल्या दिवशी वस्तीतला एक म्हातारा आला. त्यानं चपला बाहेर लांब काढल्या, आत येऊन खुर्चीकडं बघितलं आणि खुर्चीच्या पायाशी खाली बसून डोकं पुढं केलं.

“आज्जा, वर बसा की. आपलंच दुकान हाय.”

“नगं बाबा. कुनी बघंल.”

मग मीही खाली बसलो. दुखऱ्या कंबरेनं, मांडी घालून, त्याचं डोकं केलं. दुसरा म्हातारा आला, तोही तसाच. पुढं पुढं मीच एकेकाला काखेत हात घालून वर बसवू लागलो. आरशासमोर बसले की डोळे घट्ट मिटायचे. मी चिडायचो, थट्टा करायचो आणि मग आरशाच्या आड उभा राहून कात्री चालवायचो.

पोरगा तेव्हा गुलबर्ग्याला शिकत होता. सुट्टीला आला, केस कानावर आलेले. मी खुर्ची पुसली, नवं फडकं काढलं. तो दारातच थांबला.

“आप्पा, ह्ये काय करायलाव तुम्ही?”

“कामून? हुन्नर हाय. चोरी न्हाई.”

“माझ्या आज्जानं धम्म घेतला तवा मेलेली ढोरं वढायची सोडली. त्यापायी गावचा मार खाल्ला. आपण जातीची कामं टाकायलो, आन तुम्ही दुसऱ्या जातीचं काम गळ्यात बांधून घेतलाव?”

“बस तर खरं. मग भांड.”

“न्हाई बसनार मी.”

तो गेला. त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी ते फडकं घडी घालून ठेवून दिलं. वाटलं, तरणं रक्त आहे, निवेल.

निवलं नाही. त्याला गुलबर्ग्यात सरकारी नोकरी लागली, तिथलीच आमच्या समाजातली मुलगी ठरली. व्याही कचेरीत हेडक्लार्क. लग्नाआधी पोरगा घरी आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “आप्पा, मी तिकडं तुम्ही गुत्तेदार हाव म्हून सांगितलंय. बांधकामाचे.” बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी “बरं” म्हणालो. वस्तीतल्यांनाही त्यानं पढवून ठेवलं होतं. वऱ्हाडाच्या टेम्पोत चढताना एकजण ओरडला, “गुत्तेदारसाहेबाला पुढं जागा द्या रे!” सगळे हसले, मीही हसलो. पोराचं लग्न होतं.

सकाळी जानवशाच्या ओसरीवर नवरदेवाची दाढी करायला बाजारातला कारागीर बोलावला होता. समोर व्याही, त्यांचे पाहुणे, चहा चाललेला. मी बाजूच्या खुर्चीवर गुत्तेदारासारखा हाताची घडी घालून बसलो होतो. त्या माणसाला घाई होती, अजून दोन ठिकाणी जायचं होतं त्याला. कानाखाली वस्तरा सरकला आणि रक्ताचा ओघळ पोराच्या पांढऱ्या सदऱ्याकडं निघाला. मी कधी उठलो ते मलाच कळलं नाही. त्याच्या पेटीतली तुरटी उचलली, पाण्यात बुडवली, डाव्या हातानं पोराची हनुवटी वळवायला गेलो.

“आप्पा, हात लावू नका.”

हळूच म्हणाला. भ्यालेला होता. व्याह्यांना कळेल एवढीच त्याला भीती, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या शब्दांनी आमच्या कितीतरी पिढ्या दारातून मागं फिरल्या, आणि आज ते माझ्या पोराच्या तोंडून माझ्यासाठी आले. मी तुरटी कारागिराच्या हातात दिली आणि मांडवाकडं निघून गेलो. फुलं टाकताना बायकोनं विचारलं, डोळे कामून लाल झाले. धूर लागला म्हणालो. धूर कुठंच नव्हता.

आता तो वर्षातून एकदोनदा येतो. चांगला वागतो, आईला औषधं आणतो, मला धोतरजोडी आणतो. दुकानाचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. जेवायला तो पुढं बसतो आणि पाणी प्यायला मान खाली करतो, तेव्हा माझी नजर तिथं जातेच. मानेवरची रेघ ताजी असते, कानामागं पावडर राहिलेली असते. म्हणजे गावाला निघायच्या आधी तो न चुकता कुणाच्या तरी खुर्चीत बसून येतो, मला कात्री काढायला जागा राहू नये म्हणून.