अधिवेशनाचं पाणी

डिचोलीच्या क्लबात अध्यक्षा दर वर्षी बदलते, खजिनदार बदलते, समारंभाच्या साडीचा रंगही बदलतो. बदलत नाही ती फक्त पाण्याची कळशी धरणारी बाई. ती कारापूरची पद्मावती. बालवाडीत जन्म घालवून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी रडवलेली, तरी कळशी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी. तिला क्लबात कधी मोठं पद मिळालं नाही. तिने मागितलंही नाही. अधिवेशनात कारापूरचं पाणी ओतताना सगळा हॉल आपल्याकडे बघतो, एवढा मान तिला पुरेसा होता.

बायकांचा हा सेवा क्लब मूळचा परदेशातला. पसरत पसरत तो डिचोलीपर्यंत येऊन पोचला. गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कोल्हापूर मिळून त्याचा एक विभाग. विभागाचं अधिवेशन दर वर्षी भरतं, आंतरराष्ट्रीय अधिवेशन वर्षाआड. मुलींची फी, शिवणयंत्रं, डोळ्यांची शिबिरं अशी कामं बारा महिने चालतात, पण बायका वर्षं मोजतात ती अधिवेशनांनी. "धाकट्याची मुंज कुडाळच्या अधिवेशनाच्या आदल्या वर्षी झाली," असं म्हटलं की समोरचीला बरोबर कळतं.

पहिलं अधिवेशन सावंतवाडीला झालं, तेव्हा पद्मावती नवीन सून होती. सासूला कसंबसं पटवून, अंथरुणाची वळकटी घेऊन ती कदंबाच्या सरकारी बसने गेली होती. आदल्या आठवड्यात तिथल्या नळाचं पाणी गेलं. यजमान बायका रडकुंडीला आल्या आणि लाजत लाजत त्यांनी सगळ्या शाखांना निरोप धाडला, की येताना आपापल्या घरचं पाणी घेऊन या. कोणी कळशी आणली, कोणी थर्मास, एकीने तर लोणच्याची बरणी घासूनपुसून आणली. ते सगळं एका तांब्याच्या हंड्यात ओतलं. जेवताना पहिला घोट घेतला आणि बडबड्या बायका गप्प झाल्या. सात-आठ गावांच्या विहिरी एकाच वेळी जिभेवर आल्या होत्या.

पुढच्या वर्षी नळाला धो धो पाणी होतं, तरी बायकांनी घरचं पाणी आणलंच. त्याच्या पुढच्या वर्षी त्याला 'जलमीलन' असं नाव मिळालं, एक गाणं मिळालं आणि प्रमुख पाहुणेही मिळाले. गैरसोयीचा सोहळा करायला आपल्या लोकांना फार वेळ लागत नाही. मग रीतच पडून गेली. एकेका शाखेने पुढे यायचं, विहिरीचं नाव मोठ्याने घ्यायचं, पाणी हंड्यात ओतायचं. शेवटी तीर्थासारखं ते सगळ्यांच्या ओंजळीत पडायचं. आंतरराष्ट्रीय अधिवेशनाच्या वर्षी त्यातलंच बाटलीभर पाणी परदेशी जायचं. कोलंबोच्या वेळी ते न्यायचं काम पद्मावतीकडे आलं. विमानतळावरचा अधिकारी म्हणाला, पाणी आत नेता येणार नाही, टाकून द्या. पद्मावतीने त्याच्यादेखत बाटली तोंडाला लावली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. विभागाचं पाणी कचऱ्याच्या डब्यात? तिथे पोचल्यावर बायकांनी विचारलं तेव्हा तिने पोटावर हात ठेवून सांगितलं, "आणलंय." ही गोष्ट आजही प्रत्येक अधिवेशनात कोणी ना कोणी सांगतं, आणि दर वेळी त्या अधिकाऱ्याच्या मिशा थोड्या वाढलेल्या असतात.

पाण्याची खरी परीक्षा मात्र चंद्रभागेची. ती पेडणे शाखेची, तुयें गावची, पद्मावतीची जुनी मैत्रीण. ओंजळीतलं पाणी ती जिभेवर घोळवायची, डोळे मिटायची आणि सांगायची, हे जड लागतं ते बेळगावचं, हे किंचित खारट ते आमचंच. आणि शेवटी, घोट उतरल्यावर मागाहून येणारी गोडी चाखत म्हणायची, "फाटल्यान गोड लागता ता पद्मावतीचां." पद्मावती लटकं रागवायची, पण ते वाक्य ऐकल्याशिवाय तिचं अधिवेशन पुरं व्हायचं नाही.

ही विहीर सासऱ्यांच्या वडिलांनी खणलेली. भर मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असायचं. वाडीतलं कोणी आजारी पडलं की त्याच्यासाठी इथलंच पाणी जायचं.

मग डोंगरापलीकडची बंद पडलेली खाण परत सुरू झाली. पद्मावतीचा मुलगा श्रीनाथ कित्येक वर्षं मिळेल तिथे गाडी चालवत होता, त्याला खनिजाच्या ट्रकवर कायमचं काम मिळालं. घरात आनंदीआनंद झाला. पद्मावतीने देवाला नारळ दिला. त्याच उन्हाळ्यात दोर विहिरीच्या पाण्याला पुरेनासा झाला. तिने दोराला गाठ मारून तुकडा जोडला, काही दिवसांनी आणखी एक जोडला. पावसाळ्यात विहीर भरली, पण पाणी तांबूस. आज निवळेल, उद्या निवळेल, म्हणत दिवाळी आली. पाणी निवळलं नाही. विहिरीत सोडलेले मासे एकेक करून वर आले, पांढरी पोटं करून. श्रीनाथने ते जाळीने काढले आणि माडाच्या बुंध्यात पुरले. घरात त्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

खाणीमुळे झालं की आणखी कशामुळे, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी भेटलं नाही. पाहणीला आलेल्या माणसांनी बाटल्या भरून नेल्या आणि ती माणसं परत दिसली नाहीत. ज्या कामाने घरात चूल पेटते तेच काम घरातलं पाणी नेतंय, हे पद्मावती मुलाच्या तोंडावर कसं म्हणणार? आणि न म्हणता तरी किती दिवस राहणार?

गेल्या वर्षी अधिवेशन कोल्हापूरला होतं. पद्मावतीने पाणी उकळलं, फडक्यातून गाळलं, तुरटी फिरवली आणि कळशी नेली. ओंजळ पिऊन चंद्रभागेने तोंड वाकडं केलं. "आगो, ह्या वर्सा पाण्याक कसलो वास मारता? लोखंड चाटल्यासारखां लागता."

"माका काय लागूंक ना," पद्मावती म्हणाली.

चंद्रभागेने तिच्याकडे एकदा पाहिलं. गोड लागणाऱ्या पाण्याचं वाक्य त्या वर्षी ती बोलली नाही. परतीच्या बसमध्ये पद्मावतीने झोपेचं सोंग घेतलं आणि घराजवळचं साखळी गाव येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

आणि या वर्षी अधिवेशन खुद्द डिचोलीत आलं. वर आणखी भर म्हणजे क्लबाची आंतरराष्ट्रीय अध्यक्षा पाहुणी म्हणून येणार होती आणि हंड्यातलं पाणी स्वतःच्या हाताने नेणार होती. शाखेची अध्यक्षा हर्षा, बँकेत काम करणारी तरतरीत मुलगी, घरी येऊन सांगून गेली, "मावशी, यंदा यजमान आपण. सगळ्यात शेवटी, सगळ्यात मानाने, आपली कळशी." पद्मावतीने मान डोलावली.

अधिवेशनाच्या दिवशी सकाळी तिने घागर विहिरीत सोडली. घागर बराच वेळ खाली जात राहिली, मग तळाशी दगडावर आपटल्याचा आवाज आला. वर आलं ते पाणी कळशीत ओतलं तर वर तेलासारखा पातळ तवंग फिरू लागला. सून गौरवी मागे येऊन उभी राहिली होती.

"आई, ह्यां पाणी तुमी त्या बायकांका पाजतल्यात?"

हॉलमध्ये म्हाताऱ्या बायका येणार होत्या, एक-दोघी पोटुशी होत्या. हे पाणी त्यांच्या ओंजळीत घालायचं तर वैरीण शोभू आपण, हे पद्मावतीला कळत होतं. आणि नाही घालायचं तर आज सगळ्यांसमोर सांगावं लागेल, की पद्मावतीची विहीर संपली.

दारात श्रीनाथ कामावर निघायच्या तयारीत होता. त्याने कळशीत डोकावून पाहिलं. "आई, थंय भायर कोणाक काय सांगू नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी खाणीर कामाक आसंय. माका उद्या घरी बसवतले." तो रागाने बोलला असता तर तिने त्याला झाडला असता. पण त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा आला होता.

पद्मावतीने कळशी माडाच्या मुळाशी उपडी केली. गौरवीने स्वयंपाकघरातला विकतच्या पाण्याचा कॅन उचलून आणला. दोघींनी मिळून कळशी भरली. वर आंब्याची पानं लावली, हळदकुंकू लावलं. पद्मावतीला देवापुढे खोटी शपथ घेतल्यासारखं वाटलं.

हॉल गच्च भरला होता. फलक, फेटे, बिल्ले, कोल्हापूरकरणींचा दणदणीत आवाज. व्यासपीठावर परदेशी पाहुणी हात जोडून बसली होती, तिला कोणीतरी शेवंतीची वेणी माळली होती. जलमीलन सुरू झालं. एकेका गावाचं नाव आलं. कुडाळ, देवळामागची विहीर. बेळगाव, थोरल्या घराची विहीर. तुयें, कुळागरातली बांय. माडापोफळींच्या बागेतल्या त्या विहिरीचं नाव घेताना चंद्रभागेचा आवाज बसलेला वाटला. शेवटी पद्मावती उठली. "कारापूर, दारातली बांय," ती म्हणाली. कळशी ओतताना तिने हंड्याकडे पाहिलंच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग पाणी ओंजळीत आलं. आपण ओळखले जाणार, चंद्रभागेला कळणार, अशी तिला धास्ती होती. तिने घोट घेतला.

पाण्याला चवच नव्हती.

तिने आणखी एक घोट घेतला. आपल्या पाण्याला चव नसणार हे ठाऊकच होतं. पण बेळगावचं जडपण कुठे गेलं? कुडाळचं, पेडण्याचं? जिभेवर काहीच येईना. सबंध हंड्यात एकाही विहिरीचं पाणी नव्हतं. तिने मान वर केली. समोरच्या रांगेतल्या बायका ओंजळी पुसत होत्या आणि एकही बाई दुसरीच्या तोंडाकडे बघत नव्हती. गाणं वाजत होतं.

चंद्रभागा तिच्या शेजारी येऊन बसली. ओंजळ कोरडी झाली तरी तिने ती उघडीच ठेवली होती. "फाटल्यान गोड लागता ता..." एवढं बोलली आणि थांबली.

"चंद्रा, खरां सांग," पद्मावती म्हणाली. "तू खंयचां हाडलंय?"

"दुकानातलां." चंद्रभागेने डोळ्यांना पदर लावला. "आमचे बांयत पाणी खारट विख झालां. भोंवतणी मोठी घरां उठली, बोअर मारले. म्हटलां, एकटी माझीच गेली. लोकांका कशाक सांगू? तुजां?"

"माझांय दुकानातलां."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून बसल्या. इतक्या वर्षांच्या मैत्रीत दोघींनी एकमेकींशी एकच खोटं केलं होतं, आणि तेही एकाच दिवशी. पद्मावतीला आपल्या लाजेपेक्षा आता दुसरंच भय वाटत होतं. एक विहीर गेली तर माणूस शेजारणीकडे जातो. सगळ्याच गेल्या तर कोणाकडे जायचं?

व्यासपीठावर हर्षाने हंड्यातलं पाणी चांदीचं टोपण असलेल्या बाटलीत भरून पाहुणीच्या हातात दिलं. "आमच्या मातीचं पाणी," ती म्हणाली. पाहुणीने बाटली छातीशी धरली. फोटो निघाले.

त्यानंतर स्मरणाचा कार्यक्रम होता. वर्षभरात वारलेल्या सदस्यांची नावं घ्यायची आणि सभेने उभं राहायचं. नावं घ्यायचा मान विभागातल्या सगळ्यात जुन्या सदस्येचा, म्हणजे पद्मावतीचाच. ती गुडघ्यावर हात टेकत वर गेली. सभा उभी राहिली, खुर्च्यांचा आवाज थांबला.

"मंदाकिनी केळुसकर, वेंगुर्ला," ती म्हणाली. "राणी पाटील, बेळगाव."

एवढीच नावं होती. हर्षाने पुढच्या वक्त्याला खूण केली. पण पद्मावती माइकसमोरून हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे श्रीनाथ आला, दारात उभा असलेला. पोराचं काम गेलं तर? तिने माइकचा दांडा घट्ट धरला.

"कारापूर," ती म्हणाली. "आमच्या दारातली विहीर. सासऱ्यांच्या वडिलांनी खणलेली. तीसुद्धा गेली. आज मी ओतलं ते पाणी तिचं नव्हतं."

हर्षाचा चेहरा पांढराफटक पडला. कोणीतरी "अगं बाई" म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. आता कोणीतरी आपल्याला खाली उतरवणार, असं पद्मावतीला वाटलं.

"तुयें," सभेतून चंद्रभागेचा आवाज आला. "कुळागरातली बांय."

नंतर डाव्या हाताला एक बाई खाकरली. "कुडाळ. देवळामागची." तिच्या पलीकडून, रडत रडत, "बेळगाव, थोरल्या घराची." मग कोल्हापूरच्या रांगेतून एक, सावंतवाडीची एक, आणि ज्या शाखांनी आज तोंड भरून नावं घेतली होती त्या सगळ्या एकेक करून. कोणी कोणाला कशाने गेली म्हणून विचारलं नाही. एकही बाई खाली बसली नाही.

व्यासपीठावर परदेशी पाहुणी बाटली दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून त्यांच्याबरोबर उभी होती. तिला भाषा कळत नव्हती. तिला वाटलं, या वर्षी या बायकांची बरीच माणसं गेली आहेत.