काशम्माच्या घरातली बोथट सुरी

खरं सांगायचं तर ज्ञानदा, आमच्या कुंभारी गावच्या आळीत एकाबी घरात धड सुरी न्हाय. माज्या तरी घरात कुटं हाय? बाजारातनं लाल मुठीची सुरी आनायची. चार दिस ती टमाटं कापती, मग नुसती चेंगरती. आन आपन म्हनायचं, टमाटंच पिचपिचीत निगालं. धारवाला सायकल घिऊन दारावरनं वरडत जातो, पन सुरी घिऊन उटतंय कोन? मांडीवर बिड्यांचं सूप असतंय. त्यात बायांना वाटतंय, धारंची सुरी बोट कापती आन बोथट बिचारी गरीब असती. उलट हाय गं ते. बोथटीला जोर लावावा लागतो, मग ती सटकती आन बोटावर येती. तुज्या आईला किती येळा सांगितलं, ऐकती का ती?

तर अशा आळीत काशम्माच्या घरातल्या सुऱ्या बोथट हायत्या, ह्याचं कुनाला नवल वाटनार? म्हनून तर तिचं इतकी वर्सं निभावलं.

काशम्मा माजी शेजारीन. अक्कलकोटाकडची, घरात कानडी. आमी दोगी एकाच भितीला टेकून बिड्या वळतो, ती तिच्या ओट्यावर, मी माज्या. पान कापायची कात्री तिची अशी की पान कदी फाटलं म्हनून न्हाय. धारवाला आला की सोता उबी ऱ्हाऊन कात्री लावून घेनार, सुतळीनं कमरंला बांदनार, निजताना सुदीक सोडनार न्हाय. आन सुरी? नवी सुरी घरात आली की दारातल्या दगडावर तिचं पातं उबं धरायचं आन ठोकायचं. मी इचारलं तर म्हनली, "दात पाडतीया तिचं."

मला वाटलं, बाईला याड लागलं.

एकदा उनाळ्याची दुपार व्हती. आपल्या सोलापूरचं ऊन तुला म्हाईत हाय, दुपारी आळीत कुत्रंबी फिरत न्हाय. मी तंबाखू मागाय तिच्या घरात गेले. तिचा नवरा संगप्पा टावेलच्या कारखान्यात मागावर, कायमची रातपाळी. सकाळी यायचा, भाकरी खाऊन निजायचा ते दिवस कलल्यावर उटायचा. लई गरीब मानूस, मुंगी दिसली तर पाय उचलून टाकनार. तो त्या दिशी आतनं आला, हातात सुरी. मी म्हनलं, अण्णा, निजला न्हाय व्हय? त्यानं माज्याकडं बगितलं न्हाय. डोळं टक्क उगडं. काशम्माच्या मागं जाऊन बसला, तिच्या केसांची एक बट दोन बोटांत धरली, आन सुरी घासाय लागला.

काशम्मा हलली न्हाय. बिडी वळत ऱ्हायली.

सुरी कापंना. लई येळ घासली, मग खाली ठिवली, आन गेला परत निजाय. मग ती बारीक आवाजात म्हनली, "निजलेत ते. तार तुटली वाटती त्यांना."

मागावर सुताची तार तुटली की गाठ मारायची आन लोंबतं शेपूट कापून टाकायचं, हे त्याचं रातभरचं काम. रातचं जे जागं असून करायचा, ते दुपारी निजंत करायचा. जाग आली की त्याला कायबी ठावं नसायचं. तिनं त्याला सांगितलं न्हाय, कुनालाच न्हाय. लोकं म्हनली असती वारं लागलंय, आन शेटनं मागावरनं उटवला असता. मला म्हनली, सुरी बोथट हाय तवर भ्या न्हाय.

पुडं तिच्या पोराचं, गुरुशांतचं, लगीन झालं. करमाळ्याकडची दुर्गा सून म्हनून आली. लई गुनाची पोर, पन तोंडाची फटफटी. मग तिला बाळ झालं. बाळाच्या गळ्यात, दिष्ट लागू नये म्हनून, काळा दोरा बांदला. तवापास्नं काशम्माची झोप उडाली. दोरा दिसला की हा तार समजनार. दुपारभर सूप घिऊन पाळन्याच्या बुडाशी बसून ऱ्हायाची. सुनंला सांगायचं धाडस हुईना. नवी पोर, भिऊन म्हायेरी जाईल, परत याची न्हाय.

आन ह्या दुर्गानं म्हायेराहून एक सुरी आनली. बाजारातली न्हवं, त्यांच्या लव्हारानं घडवलेली, जड. काशम्मानं ती दगडावर ठोकली तर दगडाचा टवका गेला, सुरी तशीच. लपवली, तर दुर्गानं धुंडून काडली. म्हनायची, आत्या, तुमच्या घरात वांगं कापायचं म्हंजी कुस्ती हाय बगा.

एक दिस काशम्माला बिड्या द्याय कारखान्यात जायाचं व्हतं. पाटी डोक्यावर घेतली आन धारवाल्याचा आवाज आला. घाईत ती सुनंला म्हनून गेली, "ती सुरी त्याला दे. धार काडून टाक म्हनावं."

तिचं मराठी असलं. तिच्या मनात, धार काडून टाक म्हंजी घालवून टाक. आपल्याकडं धार काड म्हनलं तर मानूस एकतर म्हशीखाली बसंल, न्हायतर सुरी चाकाला लावंल. दुर्गा तर हरकली. सासू सुदारली म्हनून.

दुपारच्याला माज्या दारात येऊन कौतिकानं सांगाय लागली की मावशी, आत्यांनी सोता सांगितलं बगा धार काडाय, कांद्याची पापुद्र्यावानी चकती पडती. माज्या हातातली बिडी तितंच ऱ्हायली. म्हनलं, सुरी कुटाय? म्हनली, फळीवर. बाळ? पाळन्यात. मी उटले तशी मांडीवरचं सूप उलटं झालं.

भायेर पांडरं ऊन, आत अंदार. उंबऱ्यात उबं ऱ्हायलं तर पयलं कायच दिसंना. नुसती पाळन्याची कडी करकर करत व्हती. मग दिसलं. संगप्पा पाळन्याजवळ गुडग्यावर बसलेला. बाळाच्या गळ्यातला दोरा दोन बोटांनी अलगद वर धरलेला, मागावर धरतो तसा. दुसऱ्या हातात सुरी. आन बाळ जागं व्हतं. रडत न्हवतं. आज्याच्या तोंडाकडं बगत व्हतं.

दुर्गा वरडनार तेवड्यात मी तिचं तोंड दाबलं. वरडलं आन त्याचा हात दचकला, तर? पुडं जाववंना, मागं याववंना.

आमच्या मागनं रिकामी पाटी घिऊन काशम्मा आली. तिनं बगितलं. पाटी सुदीक खाली ठिवली न्हाय. रोज भाकरी वाडते त्याच आवाजात म्हनली, "लाईट होतु री."

म्हंजी, लाईट गेली हो.

हात थांबला. लाईट गेली की माग बंद, आन बंद मागावर कोन तार तोडतंय? त्यानं सुरी गुडग्याजवळ ठिवली, भितीला टेकला आन लाईटची वाट बगत बसला, उगड्या डोळ्यांनी. बाळाला वरखाडाबी न्हवता. पन गळ्यात दोरा न्हवता, हात थांबायच्या आदीच तो कापून झाला व्हता.

येळानं त्याला जाग आली. च्या मागितला. मूठ उगडली, त्यात काळा दोरा. म्हनला, "ही तार कुनाची?"

काशम्मानं त्या दिशी समदं सांगितलं. त्यानं च्याचा कप बाजूला सारला. मग एवडंच म्हनला, "बांद मला."

कारखान्यातनं पांडरं सूत सोता आनलं. निजताना एक टोक त्याच्या पायाला, दुसरं काशम्माच्या बसायच्या पाटाला. थोडं दिस बरं गेलं. मग एका दुपारी काशम्मानं मला हाक मारून दावलं. सूत तुटलं न्हवतं, सुटलं न्हवतं, पन लांब झालं व्हतं. मदी एक गाठ, तिळाएवडी.

"ही माजी न्हाय," ती म्हनली.

अंगावरच्या टावेलाच्या दशा उसवून त्यानं निजंत सूत जोडलं व्हतं. तिनं जुनं टाकून नवं बांदलं. दुसऱ्या दिशी परत लांब. मग आनिक लांब. ज्या दिशी ते पाळन्याला टेकलं, त्या दिशी गुरुशांतनं सोलापुरात खोली बगितली. भांडान झालं न्हाय. दुर्गा सासूच्या पाया पडली. काशम्मानं लव्हाराची सुरी भुईवर ठिवली, हातात दिली न्हाय, सुरी हातात दिली की वाकडं येतं. दुर्गानं ती उचलून घेतली आन रडत गेली.

आता घरात दोगंच. सुरी एकबी न्हाय. भाजी माज्याकडं चिरून घेती आन वर माज्याच सुरीला नावं ठिवती. संगप्पा उटतो अजून. कापाय काय घावत न्हाय, तर नुसतं जोडत बसतो.

परवा दुपारी चिरलेली मेथी द्याय गेले. काशम्मा पान कापत बसलेली. म्हनली, डोळा लागला व्हता गं जरा. तिचा पदर मागं तानलेला दिसला. बगते तर खाटेवरनं सूत आलेलं, आन तिच्या पदराच्या टोकाला तिळाएवडी गाठ. ती गाठ नखानं सुटत न्हाय, कापावीच लागती. मी खाटेकडं बगितलं. त्याचं डोळं उगडं व्हतं.

म्हनलं, दे ती कात्री, कापते.

"ऱ्हाऊ दे, वच्छलाबाई," ती म्हनली. "सुताला वड बसंल. आत्ता कुटं निजलेत."

आन मागं न बगता पुडचं पान उचललं.