लेथपर्यंत नेलेली तार

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. पण ड्रॉइंग मला वाचता येतं. कागदावरच्या आडव्या-उभ्या रेघा बघितल्या की ती पिन किंवा तो बुश माझ्या डोळ्यांपुढे फिरायला लागतो. त्यात इंग्रजीत काय लिहिलंय ते कळत नाही, आकडे कळतात. तेवढ्यावर माझं आयुष्य निघालं.

कल्याणकडच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो, लेथवर लोखंड फिरवून मापात कापायचो. नव्वदच्या पुढे तो बंद पडला, यंत्रं भंगारात निघाली. त्यातला एक जुना लेथ मी टेंपोत घालून गावी आणला. आमचं गाव शेणव्याच्या पुढे, किन्हवलीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा खाली, खळग्यात. घराच्या मागे पत्र्याची शेड घातली, खाली काँक्रीट ओतलं, लेथ बसवला. लोक बघायला यायचे. एक म्हातारा म्हणाला, "भात कांडायचं मशीन का रे?" मी म्हटलं, "लोखंड कांडायचं."

पुढे मुरबाडच्या एका कारखान्याचं काम मिळालं. दर मंगळवारी जीपमध्ये दाटीवाटीत बसून मी तिकडे जायचो, तयार माल द्यायचो, नवीन ड्रॉइंग आणायचो. तिथला साहेब चहा पाजायचा. ड्रॉइंगची गुंडाळी काखेत धरून परत येताना मला असं वाटायचं की मी कुणीतरी आहे. मुलगा हाताशी आला. मी त्याला लेथ शिकवला, आणि खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा बरा झाला, पण हे मी त्याला कधी बोललो नाही.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षं गेली असतील. एका मंगळवारी साहेब म्हणाला, "काका, आता ड्रॉइंग कागदावर देणार नाही. कॉम्प्युटरवर पाठवू. मधेच बदल होतात, ते त्याच दिवशी तुम्हाला कळले पाहिजेत. पावसाळ्याच्या आत नेट घ्या. नाहीतर मला दुसऱ्याला काम द्यावं लागेल."

चहा तसाच ठेवून उठलो मी.

घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "आबा, काम गेलं तर मी तिथंच मुरबाडला नोकरीला जाईन. ते मला कधीपासून बोलवतात. मग लेथवर तुमी एकटेच."

एकटा मी लेथ चालवू शकत नव्हतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि माप घ्यायच्या व्हर्नियरवरची बारीक रेघ मला दोन-दोन दिसायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणी बोलायचं नाही असा माझा कायदा होता. म्हणजे मुलगा गेला की शेडला कुलूप, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

सून बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. कॉम्प्युटर तिने जुना आणून शेडच्या कोपऱ्यात मांडला, लोखंडाचा कीस उडू नये म्हणून त्याला आपल्या जुन्या साडीचा पडदा लावला. आता नेट कुठलं घ्यायचं एवढाच प्रश्न होता. तारेचं की बिनतारी.

बिनतारीवाला एक पोरगेला माणूस मोटारसायकलवरून आला. बोटाएवढी काडी, ती कॉम्प्युटरला खुपसायची. शेडमध्ये खुपसली, काही नाही. दारात आणली, काही नाही. मग तो आपला लॅपटॉप घेऊन आमच्या शेतात वर वर चढत गेला. शेताच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात, आम्ही भाताची रोपं टाकतो त्या राबाच्या जागी, जाऊन ओरडला, "काका, आली रेंज! फुल्ल!"

मी म्हटलं, "मग लेथ तिकडं नेऊ का?"

तो हसला. म्हणाला, शेडला पत्रा आहे आणि गाव खळग्यात, म्हणून आत येत नाही. घरामागे उंच बांबू रोवा, त्यावर अँटिना लावा, तिथून तार खाली शेडमध्ये घ्या.

"म्हंजे तार लागतेच?"

"अँटिनापुरती."

"बिनतारी म्हणता आणि तीस हात तार लावता? मग मी तारेचंच घेतो की."

सून हळूच म्हणाली, "आबा, बांबू आपला हाय, एका दिवसात होईल. नाय जमलं तर काढून टाकू." मुलगाही तेच म्हणत होता. पण माझं ठरलं होतं. जे हवेतून येतं ते हवेतच जाईल, असं मला वाटे. तार कशी, एका टोकाला आपण आणि दुसऱ्या टोकाला किन्हवलीचं टेलिफोन एक्स्चेंज, मधलं सगळं हाताला लागतं. यंत्राचा माणूस मी, मला हाताला लागणारी गोष्ट हवी होती. आणि घरात शेवटचा शब्द कुणाचा, हेही त्यात होतं. ते आत्ता लिहितोय, तेव्हा कबूल केलं नसतं.

तारेसाठी अर्ज केला. पौषात लाइनमन आला. रस्त्याला खांब होता, तिथून घर माझ्या शेतापलीकडे. तो म्हणाला, "काका, मधे दोन खांब टाकू, वरून नेऊ. खांब यायला महिना-दोन महिने लागतील."

मी म्हटलं, "वरून नको. पेंढ्याची गाडी अडकते. जमिनीतून न्या."

"मग पाइपातून न्या. आणि खोल पुरा."

"शेत माझं हाय. त्यात कुठं काय हाय ते मला सांगू नका."

तो हात जोडून हसला. तारेचं भेंडोळं ठेवलं, खांबावरचं काम केलं आणि म्हणाला, पुरून झालं की निरोप द्या. पाइप आणला नाही, चर मी स्वतः खणला. कुणाला हात लावू दिला नाही. खूप विचार केला त्यात. नांगर जातो ती जागा सोडली, बांधाच्या मुळाशी मुळाशी गेलो. गाडीवाट टाळली. उंदीर जिथे बिळं करतात तो बांध टाळला, त्यासाठी लांबचा वळसा घेऊन वरच्या कोपऱ्यातून तार आणली. तिथे खाली कातळ लागला. पहार खणखणली, पुढे जाईना. चार बोटं माती होती, तेवढ्यात तार दाबली, वर दगडगोटे नीट बसवले. जमीन त्या दिवसांत उघडी, कोरडी असते. तार पुरल्यावर बघणाऱ्याला कळलं नसतं.

लाइनमन येऊन जोडून गेला. फोन आला, नेट आलं. सुनेने पहिलं ड्रॉइंग पडद्यावर उघडून दाखवलं. मी पुढे वाकून बघितलं, मागे होऊन बघितलं, आणि ती पिन माझ्या डोळ्यांपुढे फिरली. बायको म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?" मी मिशीवरून हात फिरवला. पुढल्या मंगळवारी मी मुरबाडला नुसता सांगायला गेलो. साहेबाला म्हटलं, "काय पाठवायचं ते बिनधास्त पाठवा. आमच्याकडं तार हाय, तार. वाऱ्यावरचं काम नाय." साहेब हसला. त्याने माझा शब्द धरला.

तीन महिने ते चाललं. मुलगा नोकरीचं बोलेना झाला.

मग राब भाजायचे दिवस आले. भाताची रोपं टाकायची जागा आमच्याकडे आधी भाजून घेतात. शेण, त्यावर झाडांचा टहाळ, पालापाचोळा, पेंढा, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे हळूहळू, बेतानं जळत जातं. बापाने तिथेच भाजला, आजाने तिथेच भाजला. राब भाजायचा हे काही ठरवायचं काम नसतं. ऊन तापलं की हात आपोआप कोयत्याकडे जातो. नांगर, गाडी, उंदीर, सगळ्यांचा विचार मी तार पुरताना केला होता. आगीचा केला नाही. ती माझ्याच हाताची होती म्हणून असेल.

त्या वर्षी राब मी बांधाला भिडवून रचला. कातळावर माती कमी म्हणून शेण जास्त घातलं. सकाळीच पेटवला. इतका सरळ जळला की बायकोला हाक मारून दाखवला. "बघ गो, एक बाजू राहिली नाय."

त्याच दिवशी दुपारी सून म्हणाली, नेट बंद आहे. फोनही बंद. मी म्हटलं, "त्यांच्याकडचं काय तरी असेल. येईल." मुलगा म्हणाला, "मी वर जाऊन मोबाइलवरून साहेबांना कळवतो, की लाइन बंद हाय." मी म्हटलं, "काय गरज नाय. आजची उद्या चालू होईल. तार हाय म्हणून सांगितलंय मी त्यांना, आता लगेच रडायला जायचं का?" तो थांबला. ऐकलं माझं. हाताशी होतं त्या ड्रॉइंगवर त्याने पिना काढायला घेतल्या.

चौथ्या दिवशी मी किन्हवलीला गेलो आणि एक्स्चेंजमध्ये चार माणसांत लाइनमनला नको नको ते बोललो. तो बिचारा लगेच माझ्याबरोबर निघाला. खांबावर चढला, तपासलं. "इथपर्यंत चालू हाय, काका." मग चालत निघाला, मी पुढे. बांधाने बांधाने. वरच्या कोपऱ्यात आलो आणि माझे पाय थांबले. तो अजून पुढे बघत होता. मग त्यानेही काळी जमीन बघितली. वाकून काटकीने राख बाजूला केली. काळं रबर वितळून दगडाला चिकटलं होतं, आत तांब्याचे दोन केस. ते मी हाताने चाचपून बघितले.

"काका, इथं काय जाळलंत?"

"राब," मी म्हटलं.

एक्स्चेंजमध्ये मी जे बोललो होतो त्याची परतफेड त्याला करता आली असती. त्याने केली नाही. काटकी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "नवीन तार मागवतो. पण आता पावसाच्या आत कठीण हाय."

घरी येऊन मी सांगितलं नाही. माझ्या हातावर राख होती, ती बघून मुलाला कळलं. तो हातातली पिन कापडाने पुसत राहिला. ओरडला असता तर मी उलट ओरडलो असतो, मला ते जमतं.

सुनेने भावाला निरोप धाडला. तो मुरबाडला राहायचा. दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप आणि ती बोटाएवढी काडी घेऊन आला. रेंज कुठे येते ते सगळ्यांना माहीत होतं. आम्ही चौघे वर गेलो. सून भाजलेल्या राबाच्या कडेला दगडावर बसली, लॅपटॉप मांडीवर, डोक्यावर पदर ओढून पडद्याला सावली केली. काडीवरचा दिवा लागला.

ती वाचत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एवढी इंग्रजी अक्षरं समोर आणि मला त्यातलं एकही येत नव्हतं.

"काय लिव्हलंय?"

"आबा, तीन मेल हाईत."

"वाच."

पहिला मेल, राब भाजला त्या दिवसाचा. पिनेचा व्यास बदलला आहे, जुन्या ड्रॉइंगवर काम करू नये. दुसरा दोन दिवसांनंतरचा. उत्तर नाही, फोन लागत नाही, काम थांबवलं आहे ना, कळवा. तिसरा त्या सकाळचा. ती मुलाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडं बघून वाच."

तिने वाचलं. नवीन काम दुसरीकडे दिलं आहे. आधीच्या कामाबद्दल आभार.

शेडमध्ये जुन्या मापाच्या पिनांचं घमेलं भरून ठेवलं होतं. एकसारख्या, चकचकीत. मुलाने केल्या होत्या.

मंगळवारी मी साहेबाकडे गेलो. त्याने चहा पाजला. मी म्हटलं, "चूक माझी हाय, पोराची नाय." तो म्हणाला, "काका, मला माहीत आहे तुमचा मुलगा चांगला आहे. त्याला म्हणून तर बोलावतोय." मागायला गेलो होतो एक, त्याने दिलं दुसरं, आणि देताना मोठ्या मानाने दिलं.

पुढल्या महिन्यापासून मुलगा सकाळच्या जीपने मुरबाडला जायला लागला. जाताना शेडमध्ये शिरून लेथला तेल देऊन जायचा. मला म्हणायचा, "गंज चढू देऊ नका, आबा." मी दुपारी पट्टा लावून तो नुसता फिरवायचो. बाहेर आवाज जावा, काम चालू आहे असं वाटावं म्हणून. बायकोला ते कळत होतं, ती भांडी जरा जोरात वाजवायची.

नवी तार पावसाळ्यानंतर आली. यावेळी खांबावरून, उंच. नेट उत्तम चाललं. त्यावर यायचं काही नव्हतं.

वर्ष फिरलं आणि पुन्हा राब रचायचे दिवस आले. मुलगा कामावर होता. शेण, टहाळ, पेंढा, माती, सगळं मी एकट्यानेच घातलं. आगकाडी ओढायच्या आधी गुडघ्यावर बसलो आणि बांधाच्या मुळाशी हाताने माती उकरून बघितली. कातळापर्यंत. खाली काही नाही हे मला ठाऊक होतं. तरी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग पेटवला.