पेडलशिवाय

भाची नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी मागं राहिला. मधल्या खोलीत, जुन्या चादरीखाली. भाऊ म्हणाला, विकून टाकू. मी म्हणाले, मला पाहिजे.

"तुला कशाला?"

"विमान उडवायला."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी त्याच्यापेक्षा मोठी, बँकेत कॅशवर बसणारी, पन्नाशीला टेकलेली. पण थट्टा नव्हती. भाची कॉलेजच्या सुट्टीत घरी आली की त्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमान चालवायची आणि मी मागं खुर्ची टाकून बघत बसायचे. समोरच्या पडद्यावर खरोखरीचं कॉकपिट दिसायचं, प्रत्येक काटा हलणारा, प्रत्येक बटणाला काम. भाची महिनाभरात कंटाळली. "आत्या, यात लई शिकावं लागतं," म्हणाली. मला तर तेवढ्यासाठीच ते आवडलं होतं.

गुलमंडीच्या पुढं एका दुकानात जॉयस्टिक मिळाली. दुकानदारानं खोकं पुढं करत विचारलं, "बच्चे के वास्ते लेरे क्या, मॅडम?"

"मेरे वास्ते."

त्यानं माझ्या डाव्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. "ये गेम खेलने का रहता."

"मालूम है. रोटी बेलने के वास्ते लेरी क्या मैं?"

तो हसला, मी हसले नाही. असं बघणं मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेची सहल वेरूळला गेली तेव्हा बाईंनी मला बसजवळ झाडाखाली बसवलं आणि सगळ्यांचे जेवणाचे डबे माझ्या ताब्यात दिले. "तू इथंच बस, डब्यांवर लक्ष ठेव." पोरं दिसेनाशी झाली तशी मी उठले आणि हातांनी कठड्यांना, भिंतींना धरत लेण्यात गेले. वर डोकं करून त्या छताकडं बघताना मान अवघडली. इकडं माकडांनी डबे फस्त केले. मार बसला. मी रडले नाही, कारण लेणी बघून झाली होती.

तर जॉयस्टिक घरी आली. भाचीनं फोनवरून सांगत सांगत सगळं जोडून घेतलं. मी दुसऱ्या महायुद्धातलं एका पंख्याचं विमान निवडलं, दिसायला देखणं म्हणून. इंजिन सुरू करायलाच दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी पंखा फिरला, मी वेग वाढवला आणि विमान सरळ जायच्या ऐवजी डावीकडं वळून गवतात घुसलं. परत केलं, परत गवतात. एकदा तर उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावर जाऊन आदळलं.

शिकवणीचा व्हिडिओ लावला. त्यात एक माणूस शांतपणे सांगत होता: पंख्याच्या ताकदीनं विमान डावीकडं ओढलं जातं, म्हणून उजवा पाय दाबा. फार वळलं तर लगेच डावा दाबा. धावपट्टीवर तुमचे पाय सतत नाचले पाहिजेत.

मी व्हिडिओ बंद केला. दहा मिनिटं छताच्या पंख्याखाली बसले. विमानाच्या शेपटीवर एक उभी फळी असते, तिला रडर म्हणतात. ती पायाखालच्या पेडलांनी वळते. एवढं साधं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी जॉयस्टिक घेतलीच असती.

कपाटात भाचीचा जुना गेमपॅड सापडला, अंगठ्यानं फिरवायची छोटी दांडी असलेला. तो मी टेबलाच्या डाव्या कडेला दोरीनं आवळून बांधला आणि त्या दांडीला रडर जोडलं. उजव्या हातात जॉयस्टिक, डाव्या अंगठ्याखाली शेपूट. कॅशवर बसून नोटा मोजणारा अंगठा आहे तो, कामाला येणारच, असं मी स्वतःलाच बजावलं. आला नाही. कितीतरी दिवस तो उशिरा हलायचा, आणि हलला की जास्त हलायचा. कधी ऐन धावपट्टीवर वीज जायची. कधी भाऊ बाहेरून ओरडायचा, "ताई, नळाला पाणी आलं!" आणि आमच्याकडं पाणी आलं म्हणजे सगळं सोडून उठावं लागतं, ते परत कधी येईल सांगता येत नाही.

मग एका संध्याकाळी चाकं जमिनीवरून सुटली. खाली शेतं लहान झाली. मी नुसती उडत राहिले. उतरवताना विमान उलटलं, ते वेगळं.

एकटीनं उडवणं जमायला लागलं तेव्हा एका गटाची माहिती मिळाली. देशभरातले हौशी लोक रविवारी सकाळी इंटरनेटवर एकत्र उडायचे आणि माइकवर बोलायचे. गटाचा प्रमुख पुण्याचा, बोलायला सभ्य. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "पेडल कोणते वापरता?"

"पेडल नाहीत."

"मग सॉरी मॅडम. आमचा नियमच आहे. पेडल नसलेले लोक धावपट्टीवर भरकटतात आणि इतरांना धडकतात. आधी पेडल घ्या, मग या."

भाऊ बाजूला चहा पीत बसला होता. मी माइक बंद केला तसा म्हणाला, "सांगून टाक ना त्याला. पाय असा आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?"

"म्हणूनच नाय सांगत."

"लई हट्टी आहेस तू."

"व्हय."

मला बँकेतली नोकरी अपंगांच्या राखीव जागेवर मिळाली. त्याची मला लाज नाही, तो हक्क आहे आणि मी तो मान वर करून घेतला. बसमधल्या राखीव सीटवर कुणी बसलं असेल तर मी त्याला उठवते. पण इथं आकाशात माझा पाय कुणालाच दिसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी होते जिथं माझ्या चालण्याआधी माझं काम दिसणार होतं. तिथं मी स्वतःहून पाय पुढं करून दया मागू?

मी माइक चालू केला. "सर, नियम धडकू नये म्हणून आहे ना? मग मला तपासा. धावपट्टीच्या बाहेर चाक गेलं तर मी स्वतः निघून जाईन."

"मॅडम, कशाला हट्ट करताय? पेडल काही फार..."

"तपासा तर खरं."

मग तो म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी."

त्या रविवारी नेमकं पाणी आलं. भावानं बाहेरून हाक मारली, मी उठले नाही. मोटरचा आवाज, बादल्यांचा आवाज, आणि स्पीकरमधून प्रमुखाचा आवाज: "आडवा वारा ठेवलाय. उडा, एक फेरी मारा, उतरा." गटातले बाकीचे कडेला विमानं लावून बघत होते. मला तळहाताचा घाम साडीला पुसायलाही हात मोकळा नव्हता.

वेग वाढवला. नाक डावीकडं गेलं, अंगठ्यानं परत आणलं, परत गेलं, परत आणलं. उडाले. फेरी नीट झाली. उतरताना वाऱ्यानं एक पंख उचलला आणि मी तोंडानं काहीतरी भलतंच बोलले, जे सगळ्यांनी ऐकलं. चाकं टेकली. शेपूट फिरायला लागली, अंगठा गेला, धरली, सुटली, परत धरली. विमान थांबलं तेव्हा डावं चाक धावपट्टीच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर होतं. रेघेवर, बाहेर नाही.

कुणी तरी हिंदीत म्हणालं, "लाइन पे है, यार."

प्रमुख म्हणाला, "हो, आतच आहे. या मॅडम." आणि मग, "एक विचारू? तुम्ही नक्की पेडल नाही वापरत? पायांचा अंदाज फार छान वाटला."

"थँक यू," मी म्हणाले.

दारात बादली घेऊन उभा असलेला भाऊ हसून हसून भिंतीला टेकला. मी त्याला हातानं गप्प केलं.

त्याच सकाळी त्यांनी मला लढाईत नेलं. ढगातून शत्रूची विमानं खाली आली, मी एकाच्या मागं लागले, आणि माझ्या मागं कोण आहे हे बघायच्या आत माझ्या पंखाला आग लागली. पाडलं मला, पहिल्या दोन मिनिटांतच. प्रमुखानं समजावलं, "नवीन आहात, आज बाजूला राहून बघा, शिकायला मिळेल."

"बघून झालंय," मी म्हणाले, "दुसरं विमान कुठून घ्यायचं ते सांगा."