वहिनींचा हवापालट

आमच्या स्टाफरूममध्ये दोनच गोष्टी आपोआप साचतात, खडूची भुकटी आणि किस्से. भुकटी शिपाई रोज सकाळी झाडून नेतो. किश्शांना कुणी हात लावत नाही, त्यामुळे ते वाढतच जातात. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून चार निघतात.

गेल्या उन्हाळ्यातल्या हवापालटाचे किस्से मात्र मला पूर्वीसारखे हसून सांगता येत नाहीत. ज्यांच्यासाठी तो सगळा खटाटोप झाला, त्या वहिनी आषाढात गेल्या. हे आधीच सांगून टाकतो. मधेच हसू आलं तर खुशाल हसा, वहिनी स्वतःही हसायच्या.

वहिनी म्हणजे आमच्या गणिताच्या गोविंदरावांची बायको. मी कॉलेज संपवून वाशीमला मास्तर म्हणून आलो, तेव्हा गोविंदरावांच्याच घरी एक खोली घेतली. जेवणही तिथंच. त्यामुळे वहिनींचा खोकला मी आल्या दिवसापासून ऐकत होतो. गोविंदरावांना तो ऐकू यायला दिवाळी उजाडली, आणि डॉक्टरला बोलवायला होळी.

डॉक्टरांनी छाती तपासली, आजाराचं नाव घेतलं नाही आणि म्हणाले, "हवापालट करा. मोकळी हवा, दूध आणि संपूर्ण विश्रांती. फार लांबचा प्रवास झेपायचा नाही, जवळपासचीच जागा बघा."

*

गोविंदरावांनी दुसऱ्या दिवशी ही गोष्ट स्टाफरूममध्ये काढली. शांत माणूस. त्यानं एवढंच विचारलं, की जवळपास चांगली हवा कुठं मिळते?

देशमुख मास्तर ड्रॉइंग शिकवतात. किन्हीराजाकडे त्यांची मोठी शेती आहे, मास्तरकी हौसेची. ते पंच्यानं तोंड पुसत म्हणाले, "वाशीमच्या हवेले काय धाड भरली? आमी जिते हावोत ना?"

पण हवापालट हा शब्द सगळ्यांना आवडला. हेडमास्तर म्हणाले, एकट्या कुटुंबानं जाणं बरं दिसत नाही, सगळ्यांनीच सहकुटुंब जावं. मुलाबाळांनाही बदल होईल. झालं! सुटी लागायला महिना होता. त्या महिन्यात आमच्या शाळेत जेवढा भूगोल झाला, तेवढा वर्गात वर्षभर होत नाही.

*

पहिलं नाव चिखलदऱ्याचं निघालं. तिथं जाऊन आलेले आमच्यात एकटे हेडमास्तर. कुठल्याशा साहेबाच्या भेटीसाठी ते एकदा गेले होते. सगळे त्यांच्याभोवती बसले.

देशमुखांनी विचारलं, तिथं करायचं काय असतं? हेडमास्तर म्हणाले, करायचं काही नसतं. कड्यावर जाऊन उभं राहायचं आणि दरी पाहायची.

"अन् मंग?"

"मग परत यायचं."

देशमुखांनी पंचा खांद्यावर टाकला. "गड्डाच पाहाचा हाये त इतल्या दूर कायले जा लागते? माह्या वावरात इहीर खोदून राह्यलो. या अन् पाहा."

चिखलदरा तिथंच संपला.

संध्याकाळी जेवताना मी वहिनींना हे सांगितलं. भाकरी थापता थापता त्या हसल्या. मग खोकल्या. मग पुन्हा हसल्या आणि म्हणाल्या, "इहीर तरी पाहू द्या म्हणा."

*

लोणार काझी मास्तरांनी सुचवलं. ते उर्दू शिकवतात आणि आमच्यात सगळ्यांत कमी बोलतात. ते म्हणाले, मोठं सरोवर आहे, भोवती झाडी आहे, शांतता आहे. पाणी असं खारट की साबणाशिवाय कपडे स्वच्छ निघतात.

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

घरोघरी ते पोचलं. हेडमास्तरांच्या घरून निरोप आला की पडदे आणि सतरंजी बरोबर घ्यावी. देशमुखांनी गोधड्यांसाठी वेगळी बैलगाडी काढायची तयारी दाखवली. गोविंदरावांच्या आईनं वर्षभराची ठेवणीतली अंथरुणं अंगणात काढून ठेवली.

वहिनी त्या ढिगाकडे बघत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे हवा नवी अन् धुनं जुनंच!"

मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये भांडलो. लोणार रद्द झालं. सगळ्यांना वाटलं, मला खाऱ्या पाण्याची भीती वाटते.

*

यानंतर हेडमास्तरांनी सूत्रं हातात घेतली. देवाशिवाय प्रवास म्हणजे उनाडकी, असं त्यांचं मत पडलं. कारंजाची धर्मशाळा जवळजवळ ठरली. धर्मशाळा म्हटल्यावर गोविंदरावांच्या आई तयार झाल्या. त्यांच्याबरोबर हेडमास्तरांच्या दोन आत्या. देशमुखांचं सगळं खटलं.

गोविंदरावांच्या आईचा, म्हणजे वहिनींच्या आत्याबाईंचा, एक नेम होता. त्या सुनेच्या हातचंच जेवत. गावात या गोष्टीचं फार कौतुक. सुनेवर केवढी माया, असं बायका म्हणायच्या. वहिनींना ताप असला तरी नेम मोडत नसे, कारण माया मोडत नसे.

मी टेबलावर हात आपटून म्हणालो, आजारी बाई तिथं जाऊन पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणार असेल, तर तिला इथंच मरू द्या. आपण आचारी नेऊ.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना लाज वाटली असेल असं मला वाटलं. तेवढ्यात हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि अगदी मनापासून विचारलं, "आचारी न्यायचा, तर मग बायका कशाला न्यायच्या?"

आणि सगळ्यांना तो मुद्दा पटला!

*

मी त्या दिवशी जे बोललो ते लांबलचक होतं. स्वराज्य, स्त्रीशिक्षण, सगळं त्यात आलं. शेवटी म्हणालो, महिनाभर तुम्ही जागा निवडताय, पण जिला न्यायचंय तिला कुणी विचारलंत का, तुला कुठं जायचंय? तुमच्यापैकी कुणी जन्मात एकदा तरी बायकोला हा प्रश्न विचारलाय?

देशमुख म्हणाले, "ओ बीए, तुह्यं लगन होऊ दे. मंग इचारजो सकाळ-संध्याकाळ."

सगळे हसले. काझी मास्तर हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "मी विचारलं होतं एकदा."

आम्ही खुर्च्या त्यांच्याकडे वळवल्या.

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाल्यावर एका ईदला त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी बीबींना विचारलं, तुला कुठं फिरून यावंसं वाटतं का? बीबींच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या धावत आल्या, यांच्या कपाळावर हात ठेवला आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "क्या हुआ जी? हकीमसाब ने कुछ बोले क्या तुमको?"

काझी मास्तर म्हणाले, त्यांची समजूत घालायला आठवडा लागला. तेव्हापासून पुन्हा विचारलं नाही.

*

कारंजाही मागं पडलं आणि शेवटी सहकुटुंब किन्हीराजा ठरलं. देशमुखांची आमराई, आमराईत माळवदाचं घर, गाईचं दूध. सर्व्हिस मोटरनं जवळच्या मालेगावापर्यंत आणि पुढं त्यांच्या बैलगाड्या. आठ दिवस. स्वयंपाकाला देशमुखांच्या घरच्या बायका होत्या. मला वाटलं, अखेर एक माणसासारखा बेत झाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी गोविंदरावांच्या मागेच लागलो, की आत जा आणि त्यांना विचारा. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे. म्हणाले, "अवं, उद्या निंगतो आपण. तुह्या मनात काय हाये?"

वहिनी चुलीपासून उठल्या. मग पदरानं हात पुसले.

"खरंच इचारून राह्यले?"

"हो."

"तर मंग तुमी समदे जा. पोरायले न्या, आत्याबाईले न्या. मले आठ दिस हे घर द्या."

गोविंदराव माझ्याकडे बघायला लागले, जणू हे उत्तर मी तपासून द्यायचं होतं. मी समजवायला लागलो. हवा कशी आहे, दूध कसं आहे, डॉक्टर काय म्हणाले. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच तं म्हनत होते, इचारा म्हणून."

तो उरलेला सगळा दिवस तहात गेला. शेजारच्या गवळणीनं दोन्ही वेळा दूध घालायचं आणि चौकशी करायची असं ठरलं. अडलं ते आत्याबाईंच्या नेमापाशी. सुनेच्या हातचं नाही तर त्या खाणार काय? तो प्रश्न वहिनींनीच सोडवला. झाडाच्या आंब्याला कुणाचा हात लागत नाही, म्हणाल्या. आत्याबाईंना आंबा जिवापलीकडे आवडायचा. त्या पहिल्या गाडीत बसल्या.

आम्ही गेलो. आमराई खरोखर सुंदर होती. पोरं झाडांवरून उतरत नव्हती. आत्याबाई आंबे खाऊन इतक्या खुलल्या की नेमाची आठवण त्यांना आम्हालाच करून द्यावी लागली. गोविंदराव तेवढे एका झाडाखाली बसून राहायचे. वाऱ्याची झुळूक आली की म्हणायचे, ही हवा तिच्यासाठी होती.

ठरलेले आठ दिवस काही पुरे झाले नाहीत. मधेच अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, घर गळायला लागलं. चौथ्या दिवशी आम्ही ओलं सामान गाड्यांत भरून परत फिरलो.

वाशीमला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दार उघडंच होतं. पुढं आत्याबाई, मागं पोरं, मग गोविंदराव, शेवटी मी.

अंगणात निंबाखाली बाज टाकलेली होती. वहिनी तीवर पाय लांब करून बसल्या होत्या. केस मोकळे. मांडीवर सुपात मुरमुरे, त्यात कांदा. आत चूल थंड. कसलंसं गाणं गुणगुणत होत्या. इतके महिने त्या घरात राहून मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. तोंडावर तजेला होता. त्या मधे थांबल्या, एक मुरमुरा तोंडात टाकला, आणि मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. पाय जवळ घेतले. दोन्ही हात मागं नेऊन केसांची गाठ बांधली, पदर डोक्यावर घेतला आणि उठून उभ्या राहिल्या.

"लवकर आले?" त्या म्हणाल्या.