लग्नाच्या स्टेजवरचा पंख

आमच्या गल्लीतले काका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधतात. दोन माणसं बसतील एवढं, सुट्या भागांचं किट मागवून. उजवा पंख पुरा झाला होता. पत्रा जोडणारा रिव्हेट ठोकला की ते बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यावरून तळहात फिरवायचे. जरा खुपलं की म्हणायचे, "नाय, नाय. परत." आणि तो काढून नवा बसवायचे.

ते बहिणीकडे लासूर स्टेशनला गेले असताना त्यांच्या समोरच्या घरवाल्यांनी शेडचं कुलूप काढून तो पंख लेकाच्या लग्नात स्टेजमागे उभा केला. झुंबरं टांगायला डेकोरेटरनं त्याला भोकं पाडली, थेट सगळा भार पेलणाऱ्या आतल्या कण्यातून.

काका परतल्यावर समोरचे हसत म्हणाले, "दोन भोकं तर हायेत! पुट्टी भरून देतो."

माझं डोकंच फिरलं. ज्याच्या भरवशावर माणसानं आभाळात जायचं, त्यात पुट्टी? मी त्यांना नाही नाही ते बोललो. काकांनी मात्र करवत आणली आणि पंख भर गल्लीत मधोमध कापला.

"चुकून बी कुणी उडू नये ह्याच्यावर," एवढंच ते मला म्हणाले.

करवत खाली ठेवतात तोच समोरचे पुन्हा आले. "काका, टाकणारच असाल तर तुकडे द्या की. धाकटीच्या लग्नाला होतील."

काकांनी एक तुकडा उचलला आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवला.

दुसऱ्या तुकड्यावर मात्र मी पाय रोवून उभा राहिलो.