गळतीप्रमुखाचा पहारा

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचाच विचार करत होतो. पण चहा आलाच आहे, आणि माझ्या फजितीशिवाय तो तुम्हाला गोड लागत नाही हे मला ठाऊक आहे. तर ऐका.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या अलीकडे आमचं कीर्तन महाविद्यालय आहे. मठाचं, लहानसं, पण विद्यापीठाची मान्यता असलेलं. पोरं कीर्तन, पखवाज आणि संस्कृत शिकतात, आणि मी त्यांना इंग्रजी शिकवतो. कीर्तनकाराला इंग्रजी कशाला, असं पोरं मला विचारतात आणि मी आमच्या प्राचार्यांना, म्हणजे आबामहाराजांना विचारतो. ते नुसते हसतात.

अडचण एकच होती. पहिल्या वर्षाला पोरं दाटीवाटीनं बसायची आणि शेवटच्या वर्षापर्यंत सतरंजी रिकामी व्हायची. पदवी घेऊन बाहेर पडणारा विरळाच. गेल्या खेपेला विद्यापीठाची समिती आली, तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळी शेवटच्या वर्षाची सगळी मुलं जागेवर दिसली नाहीत तर मान्यता काढून घेऊ. मान्यता गेली की कॉलेज गेलं, आणि कॉलेजबरोबर माझी नोकरीही.

आबामहाराजांनी मला बोलावलं. "सर, तुमी चौकस माणूस हाये. पोरं काहून पळून राह्यली, थे शोधा." अशा रीतीनं मी गळतीप्रमुख झालो.

आता माझा स्वभाव असा, की 'का' हा प्रश्न डोक्यात शिरला की मला जेवण गोड लागत नाही. मला वाटलं, रोजच्या खिचडीला पोरं कंटाळली असतील. म्हणून आठवड्यातून एकदा वांग्याची भाजी आणि निखाऱ्यावर भाजलेले पानगे सुरू केले. पोरांनी पानगे खाल्ले आणि गेली. मग वाटलं, पहाटे उठवतो म्हणून जात असतील. उठायची वेळ पुढे ढकलली. पोरं झोप पूर्ण करून गेली. जायची सगळी एकाच वाटेनं. कुठल्या तरी गावच्या सप्त्याला साथ करायला म्हणून निघायची, आणि परत यायचीच नाहीत. एकाला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "इकडं बरं वाटते सर." बरं वाटते म्हणजे काय वाटतं? हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

समिती यायच्या दिवशी सकाळी पाहतो तर शेवटच्या वर्षाचा शुभम गायब. सगळ्यात गोड गळ्याचा पोरगा. त्याच्या गावच्या, म्हणजे इंझोरीच्या सप्त्याला गेला होता, आणि फोन उचलत नव्हता. पखवाजाच्या सरांची मोटारसायकल घेतली आणि निघालो.

देवळात शुभम पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात वीणा घेऊन उभा. सप्त्यात नामाचा गजर अखंड चालतो आणि वीणा खाली ठेवायची नसते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं पुढचा माणूस येईपर्यंत उभं राहायचं. त्यालाच पहारा म्हणतात.

"शुभम, चल. दुपारी समिती येते. त्यांना तू दिसलाच पाहिजेस."

"माहा पहारा हाये सर. मोडता नाई येत."

"पुढचा पहारा कोणाचा?"

"नामदेवकाकाचा. थे हरभऱ्याले पाणी देऊन राह्यले. सध्या लाइन दिवसाची हाये ना."

म्हणजे वीज असेपर्यंत नामदेवकाका वावरातून हलणार नाहीत. मी घायकुतीला आलो. "मग तू घरून कपड्यांची पिशवी तरी घेऊन ये, म्हणजे काका आले की लगेच निघू. तोवर वीणा मी धरतो."

शुभमनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी घेता सर? सोचून घ्या."

"अरे, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

पहाऱ्याचा नियम मला माहीत होता हो. पण माझं इंग्रजी डोकं म्हणालं, धरणं वेगळं आणि पहारा घेणं वेगळं. शुभमनं वीणा माझ्या गळ्यात घातली, पाया पडला, गाडीची चावी घेतली आणि गेला.

बराच वेळ झाला तरी येईना. मग माझ्या खिशातला फोन वाजला. टाळ वाजवत बसलेल्या किसनबुवांनी तो काढून माझ्या कानाला लावला.

"सर, मी निंगालो कालेजात," शुभम सांगत होता. "तुमीच म्हणले ना, समितीले मी दिसलो पायजे."

पोरगं म्हणत होतं ते बरोबर होतं. मी किसनबुवांना म्हटलं, "बुवा, जरा तुम्ही घेता का?"

"माहे गुडघे उभे राह्यतात का बाप्पा? घेतला ना आता पहारा, मंग करा."

मग मी उभा राहिलो. कोणीतरी कपाळाला बुक्का लावला. एका आजीनं चहा आणला आणि कप माझ्या ओठांना लावला, कारण माझे हात वीणेत. चहा पाजून झाल्यावर ती पाया पडली. मी मागे सरकलो, पण वीणा घेऊन किती सरकणार? बायाबापड्या येत होत्या, वाकत होत्या, मला महाराज म्हणत होत्या. वर्गात मी घसा कोरडा करून शिकवतो तेव्हा पोरं जांभया देतात. इथं मी नुसतं 'रामकृष्णहरी' म्हटलं आणि आजीचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही भरून आले. बरं वाटते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

दुपार कलली आणि फोन पुन्हा वाजला. किसनबुवांनी पुन्हा कानाला लावला. आबामहाराज होते.

"सर, शुभम पोचला. सगळी पोरं जागेवर हायेत, समिती खूश हाये. आता थे म्हणून राह्यले, पोरं टिकवणाऱ्या सरांले भेटवा. कुठं हाये तुमी? कोणाची बी गाडी घ्या अन् या."

नेमके त्याच वेळी नामदेवकाका उरलेला हरभरा उद्यावर ठेवून, हातपाय धुऊन समोर आले. त्यांनी नमस्कार केला आणि वीणा घ्यायला हात पुढे केले. त्यांच्यामागून आजी पुरणपोळीचं ताट घेऊन येत होती.

मी फोनमध्ये म्हटलं, "महाराज, पहारा आहे माझा. मोडता येत नाही."

फोन बंद झाल्यावर नामदेवकाकांना म्हणालो, "काका, लाइन आहे तोवर उरलेला हरभराही भिजवून घ्या. मी आहे इथं."

कॉलेजची मान्यता कायम राहिली. समितीनं शेवटी एवढाच शेरा मारला, की विद्यार्थी टिकले आहेत, आता शिक्षक टिकतील असं काहीतरी पाहावं.